खाडे वजा एक

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. गेल्या दिवाळीत लेडीज हॉस्टेलच्या मेसचं जे बिल चुकलं, ते मी चुकवलं. ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी हसून घ्यावं, ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी आता रागवायला हरकत नाही. पण हा लेख म्हणजे माफीनामा नव्हे. माफी मी मेसवाल्या काकूंची मागितली, त्यांनी ती दिली आणि वर एक थालीपीठही दिलं. हा लेख आहे मी खोडलेल्या एका ओळीबद्दल, आणि आपण सगळे कॉलेजात कोड कसा लिहितो त्याबद्दल.

आपल्या मेसचा हिशेब एका छोट्या प्रोग्रॅमवर चालतो. काही वर्षांपूर्वी एका सीनियरने तो रूबी ऑन रेल्समध्ये लिहिला. ती पास होऊन गेली, प्रोग्रॅम मागे राहिला. मी मेस कमिटीत गेले आणि "तू कॉम्प्युटरची ना? मग बघ की!" म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. सलग चार किंवा त्याहून जास्त खाडे झाले की तेवढ्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होतात, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. प्रोग्रॅममध्ये खाडे मोजायची ओळ अशी होती: परत आल्याची तारीख वजा गेल्याची तारीख वजा एक.

आता सांगा, हा 'वजा एक' कशाला? सहा तारखेला गेलेली मुलगी अकराला परत आली. अकरा वजा सहा, पाच. पाच रात्री ती हॉस्टेलवर नव्हती. मग प्रोग्रॅम चार का म्हणतो? फर्स्ट इयरला लूप शिकवताना सर सांगतात की एकाने चुकणं ही प्रोग्रॅमरची सगळ्यात कॉमन चूक. मला वाटलं, सापडली! सीनियरला एवढं साधं जमू नये? मी तो 'वजा एक' उडवला, प्रोग्रॅम चालवून बघितला आणि झोपले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला नंतर आठवलं.

दिवाळीत ११२ मुली घरी गेल्या होत्या. प्रत्येकीला एका दिवसाचे ९० रुपये जास्त वजा झाले. ११२ गुणिले ९० म्हणजे १०,०८० रुपये. हे पैसे गेले कुठून? तर काकूंच्या खिशातून. काकू कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण किराणावाल्याचे पैसे द्यायला घेतले तेव्हा कमी पडले आणि त्यांना बरोबर कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

त्या माझ्याकडे आल्या त्या लाल कापडी वही घेऊन. पान उघडून दाखवलं. त्यात पेनने लिहिलं होतं, 'जायचा व यायचा दिवस खाडा धरू नये'. खाली तारीख, तेव्हाच्या रेक्टर मॅडमची सही. त्याच्या वर आणखी एक जुनी ओळ होती: 'जायचा दिवस अर्धा धरावा'. त्या ओळीवर एकच आडवी रेघ मारलेली, आणि बाजूला काकूंच्या अक्षरात, 'मुली भांडतात. अर्धा बंद.'

"अगं पोरी," काकू म्हणाल्या, "जायच्या दिवशी नाष्टा करून, वर डबा बांधून घेऊनच तुम्ही गाडीत बसता ना? आणि आल्या दिवशी रात्री गरम भात लागतो. दोन्ही दिवशी तुमच्या नावाचं मी शिजवतेच की."

म्हणजे तो 'वजा एक' ही गणितातली चूक नव्हतीच. तो करार होता. वहीत तो कारणासकट लिहिलेला होता आणि प्रोग्रॅममध्ये फक्त त्याचा आकडा उरला होता. सीनियरने ओळ लिहिली, कारण लिहिलं नाही. मी ओळ वाचली, कारण विचारलं नाही. चूक दोघींची, भुर्दंड तिसरीलाच.

त्या रात्री मला एक प्रश्न पडला. चारशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक 'वजा एक' एवढा गोंधळ घालू शकतो, तर लाखो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये असे किती असतील? आणि तिथे शेकडो अनोळखी माणसं रोज हात घालत असताना ते टिकतात कसे? आपला मेसचा प्रोग्रॅम ज्या रेल्सवर उभा आहे, त्याचा सगळा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा. म्हणून मी त्यातली एक फाइल निवडली आणि तिचा पहिल्यापासूनचा इतिहास वाचायला बसले. सबमिशनच्या आठवड्यात हा उद्योग केला, त्यामुळे टर्मवर्कचं काय झालं ते विचारू नका!

थोडी पार्श्वभूमी सांगते. रूबी ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची, १९९५ साली बाहेर आलेली. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने तिच्यात बेसकॅम्प नावाचं, प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातला कुठल्याही वेबसाइटला लागेल असा भाग त्याने वेगळा काढला आणि जुलै २००४ मध्ये सर्वांना खुला केला. तेच रेल्स. गिटहब आणि शॉपिफाय या मोठ्या साइट्स त्यावरच उभ्या राहिल्या.

रेल्सचा एक हट्ट आहे: जे नावावरून कळतं ते पुन्हा सांगायला लावायचं नाही. तुम्ही 'पर्सन' नावाचा क्लास लिहिलात तर डेटाबेसमधलं टेबल 'पीपल' असणार, हे रेल्स आपलं आपण ओळखतं. छान! पण त्यासाठी यंत्राला इंग्रजीची अनेकवचनं यायला हवीत. ती शिकवणारी जी फाइल, तिचं नाव इन्फ्लेक्टर. मी वाचली ती हीच.

शाळेत सिस्टर आमच्याकडून अनेकवचनं पाठ करून घ्यायच्या: ऑक्स-ऑक्सेन, माउस-माइस, चाइल्ड-चिल्ड्रन. तीच यादी कोडमध्ये भेटल्यावर मला जुनी मैत्रीण स्टँडवर भेटावी तसं झालं. फाइलमधला पहिला नियम अगदी भोळा आहे: शब्द कुठलाही असो, शेवटी 'एस' लावा. त्यानंतर एकेक अपवाद. शेवटी 'वाय' असेल तर असं, 'एक्स' असेल तर तसं. गंमत म्हणजे नवा नियम यादीच्या पुढे जाऊन बसतो आणि शब्द आला की सगळ्यात शेवटी आलेला नियम सगळ्यात आधी तपासला जातो. म्हणजे फाइल आपण वाचतो वरून खाली आणि ती चालते खालून वर. माझी रूममेट दहावीला संस्कृतवाली. ती म्हणाली, पाणिनीच्या व्याकरणातही दोन नियम भिडले तर नंतरचा नियम जिंकतो, असंच परंपरेने मानतात. मला बरं वाटलं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीही कुणाला तरी हीच अडचण आली होती तर!

आता अपवाद बघा. एकवचन करायचं तर शेवटचा 'एस' काढायचा, ठीक. मग 'न्यूज'चं काय होईल? 'न्यू'! म्हणून न्यूजसाठी वेगळी ओळ. 'बेसिस'चं अनेकवचन 'बेसेस', म्हणून उलट जाताना 'बेसेस' दिसलं की 'बेसिस' करायचं. पण मग 'डेटाबेसेस'चं होणार 'डेटाबेसिस'. ज्या प्रोग्रॅमचं अर्धं आयुष्य डेटाबेसशी बोलण्यात जातं त्यालाच तो शब्द येऊ नये म्हणजे कमाल! म्हणून डेटाबेससाठी वेगळी ओळ. 'झॉम्बी' हा तर सरळसाधा शब्द, नुसता 'एस' लागतो. तरी तो अनियमित शब्दांच्या यादीत आहे, कारण परत येताना 'सिटीज'चा नियम त्याला पकडतो आणि शेवटच्या 'आय-ई'चा 'वाय' करून टाकतो. ज्यांची अनेकवचनं होतच नाहीत अशांची एक यादी आहे. त्यात राइस, मनी, शीप वगैरे मंडळी जुनी, जीन्स आणि पोलीस मागाहून येऊन बसलेली.

नुसती फाइल वाचली असती तर मी म्हणाले असते, काय हा पसारा! कुणीतरी नीट बसून एकदाच चांगली का लिहीत नाही? मेसच्या प्रोग्रॅमबद्दल मी नेमकं हेच म्हटलं होतं. पण इतिहास वाचताना लक्षात येतं की यातली जवळजवळ प्रत्येक विचित्र ओळ म्हणजे कुणाचा तरी बिघडलेला दिवस आहे. कुठेतरी कुणाचा तरी प्रोग्रॅम अडला, त्याने कारण शोधलं आणि फाइलमध्ये एक ओळ वाढली.

आणि ओळीबरोबर एक चाचणीही वाढते. हे मला सगळ्यात आवडलं. बाजूच्या फाइलमध्ये शब्दांच्या जोड्यांची लांबलचक यादी आहे: बॉक्स-बॉक्सेस, क्वेरी-क्वेरीज, मूव्ही-मूव्हीज. कुणी कुठलाही नियम हलवला की सगळ्या जोड्या पुन्हा तपासल्या जातात. एक चाचणी तर फक्त एवढंच बघते की एखादा छोटासा शब्द 'अनेकवचन न होणारा' म्हणून नोंदवला, तर तो 'स्पॉन्सर्स'सारख्या मोठ्या शब्दाची शेपटी पकडून त्यालाही गिळत तर नाही ना. या कोपऱ्यात हात लावला की त्या कोपऱ्यातला शब्द ओरडतो. आमच्या मेसच्या प्रोग्रॅममध्ये सहा तारीख, अकरा तारीख, उत्तर चार, एवढी एक चाचणी जरी असती तरी ती त्याच रात्री ओरडली असती. काकूंना ओरडावं लागलं नसतं.

फाइल जागाही बदलत आली. सुरुवातीला ती डेटाबेस सांभाळणाऱ्या भागाच्या पोटात होती. २००५ मध्ये सगळ्यांना लागणारी हत्यारं ॲक्टिव्ह सपोर्ट नावाच्या भागात वेगळी काढली, तेव्हा ती तिकडे गेली. पुढे तिचेच तुकडे झाले. नियमांची यादी एका फाइलमध्ये आणि नियम चालवणारं यंत्र दुसरीकडे. एप्रिल २००८ मध्ये तर रेल्सचं सगळं बिऱ्हाड सबव्हर्जनमधून उठून गिटमध्ये, म्हणजे गिटहबवर गेलं. इतकी घरं बदलली, पण इतिहासाचं गाठोडं प्रत्येक वेळी बरोबर नेलं. आपल्याकडे सीनियर पेन ड्राइव्हमध्ये फोल्डर देते, त्याचं नाव 'फायनल', त्याच्या आत 'फायनल नवीन', त्याच्या आत 'हेच फायनल'. हा आपला इतिहास!

आता या फाइलमधली माझी लाडकी गोष्ट. कित्येक वर्षं या फाइलनुसार 'काऊ'चं अनेकवचन होतं 'काइन'. थट्टा नाही, इंग्रजीत हा शब्द खरंच आहे. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये इजिप्तच्या राजाला स्वप्नात सात गाई दिसतात, त्या 'काइन'च आहेत. पण आज गोठ्याचा हिशेब लिहिणारा कुठला माणूस टेबलाला ते नाव देईल? शेवटी रेल्स ४.० मध्ये, २०१३ साली, तो नियम काढला आणि काढल्याची नोंद बदलांच्या यादीत रीतसर लिहिली.

उलट दुसरा नियम बघा. 'ऑक्टोपस'चं 'ऑक्टोपाय' आणि त्याच ओळीत 'व्हायरस'चं 'व्हायराय'. हे दुसरं चक्क चूक आहे. इंग्रजीत 'व्हायरसेस' म्हणतात, कुठलीही डिक्शनरी काढून बघा. तरी ती ओळ अजून तिथे आहे. ती कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही. कोडमध्येच टीप आहे, तिचा मथितार्थ असा: या नियमांत दुरुस्त्या स्वीकारल्या जाणार नाहीत, कारण जुने प्रोग्रॅम चुकीच्या रूपांवरही विसंबून असतील, तुम्हाला वेगळं रूप हवं असेल तर तुमच्या प्रोग्रॅमपुरता नियम तुम्ही घाला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं नाही. चूक कळली आहे, मग दुरुस्त करा ना! पण विचार करा. कुठल्यातरी लॅबमध्ये दहा वर्षांपूर्वी कुणी 'व्हायरस' नावाचा क्लास लिहिला, टेबल आपोआप 'व्हायराय' नावाचं झालं, त्यात नोंदी भरत गेल्या. उद्या तुम्ही व्याकरण सुधारलंत की तो प्रोग्रॅम 'व्हायरसेस' नावाचं टेबल शोधणार आणि ते सापडणार नाही. तुमचं इंग्रजी शुद्ध झालं, त्याचं काम बंद पडलं. ज्याला आपण चूक म्हणतो त्यावर कुणीतरी घर बांधलेलं असतं.

मेसमध्येही पुढे हेच झालं. मी 'वजा एक' परत बसवला आणि पुढच्या बिलात ते ९० रुपये वसूल करायचे ठरले, तेव्हा हॉस्टेल मीटिंगमध्ये गदारोळ झाला. "एकदा दिलेले पैसे परत कसे घेता?" काही जणींचं म्हणणं अगदी रास्त होतं. त्यांनी ते पैसे धरून महिन्याचं गणित बसवलं होतं. म्हणजे माझी चूक एका महिन्यात कुणाचा तरी आधार झाली होती! शेवटी ती रक्कम दोन बिलांत निम्मी-निम्मी घेतली आणि बिलात वेगळी ओळ छापून कारण लिहिलं. तेव्हा मला ती टीप खऱ्या अर्थाने कळली.

मग सगळ्या चुका जपून ठेवायच्या का? नाही, आणि इथेच माझं मत मांडते. 'काइन' काढलाच ना त्यांनी! प्रश्न जुनं की नवं हा नाहीच. बदल करताना तीन गोष्टी झाल्या का, हा आहे. ही ओळ का होती ते शोधलंत का? तिच्यावर कोण विसंबून आहे ते बघितलंत का? आणि बदललंत ते कारणासकट लिहून ठेवलंत का? या तिन्ही गोष्टी करून 'काइन' काढला तर ती सुधारणा. एकही न करता 'वजा एक' काढला तर तो नुसता आगाऊपणा.

इतिहास वाचणंही वाटतं तितकं सोपं नाही बरं का. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. कुठली ओळ शेवटची कुणी, कधी बदलली ते ती सांगते. नावच 'ब्लेम', म्हणजे दोष! सबव्हर्जनमध्ये याच आज्ञेला 'प्रेझ', म्हणजे स्तुती, असंही पर्यायी नाव आहे. ज्याची जशी नजर. मी 'पर्सन-पीपल'च्या ओळीवर ब्लेम चालवलं आणि उत्तर आलं २०१६! पण ही जोडी तर त्याच्या कितीतरी आधीची. झालं असं की २०१६ मध्ये रेल्सवाल्यांनी एकेरी अवतरणचिन्हांऐवजी दुहेरी वापरायचं ठरवलं आणि सगळ्या फाइलींवर तो हात फिरवला. म्हणजे ब्लेममध्ये नाव येतं ते भिंतीला रंग देणाऱ्याचं. वीट कुणी बसवली हे कळायला आणखी मागे, थर उकलत जावं लागतं. शेवटचा हात कुणाचा यावरून दोषी ठरवणारे आपण सगळेच आहोत. मीही सीनियरला तसंच ठरवलं होतं.

जाता जाता एक प्रयोग सांगते. त्याच २०१३ च्या रेल्स ४.० पासून प्रत्येक भाषेसाठी वेगळे नियम देता येतात. म्हटलं, मराठीचे लिहून बघू. पहिला नियम जोरात लिहिला: शेवटी 'आ' असेल तर 'ए' करा. आंबा-आंबे, घोडा-घोडे, मासा-मासे. वा! मग 'काका' घातला आणि उत्तर आलं 'काके'. मामाचे झाले 'मामे'. अपवाद घातला. पुढे 'भिंत-भिंती' बसवलं तर 'वाट' आडवी आली, तिचं होतं 'वाटा'. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, नियम कुठला लावणार? कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझी मराठी व्याकरणाची बोंब, ती तासाभरात चव्हाट्यावर आली. रात्री आईला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "नियम कसला? कानाला कळतं!" पण यंत्राला कान नाही. त्याला एकेक शब्द कुणीतरी सांगावा लागतो. एकाच बैठकीत 'फायनल' फाइल लिहिणं का अशक्य आहे ते मला त्या रात्री कळलं. भाषा असो की मेसचा हिशेब, आधी साधा नियम येतो, मग माणसं वापरायला लागतात आणि मग अपवाद उगवतात.

आणि आता आपल्या कॉलेजकडे वळते. रागावू नका, प्राध्यापकवर्गानेही रागावू नये.

आपल्याकडे प्रोग्रॅमचं आयुष्य किती? प्रॅक्टिकलला सोमवारी जन्म, गुरुवारी आऊटपुट, शनिवारी प्रिंटआऊट, जर्नलवर सही आणि मृत्यू. प्रोजेक्टचंही तेच, फक्त एका वर्षाच्या मापाने. फायनल इयरची पोरं रिपोर्टला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करतात, तो कपाटात जातो आणि पुढच्या वर्षीची बॅच तोच विषय पुन्हा शून्यापासून सुरू करते. चार वर्षांत आपल्याला दुसऱ्याने लिहिलेला कोड चालू ठेवायला एकदाही सांगत नाहीत. आपण लिहिलेला कोड आपल्या पाठीमागे कुणाला तरी वाचावा लागेल, ही शंकाही आपल्या मनाला शिवत नाही. जर्नलमध्ये खाडाखोड चालत नाही, म्हणून आपण चुकलेलं पान फाडून नवीन लावतो. काकू पान फाडत नाहीत. त्या एक रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण लिहितात. सातवी शिकलेल्या काकूंना जे कळलं ते आपल्या जर्नलला कळलेलं नाही.

म्हणून माझी साधी सूचना आहे. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला नवीन विषय देऊ नका. आदल्या बॅचचं प्रोजेक्ट द्या, त्याच्या सगळ्या इतिहासासकट. त्यातली एक चूक काढायची, एक सोय वाढवायची, दोन्हीसाठी चाचणी लिहायची आणि प्रत्येक बदलाचं कारण दोन ओळींत लिहून पुढच्या बॅचच्या हवाली करायचं. ओरलला विचारा, "ही ओळ का आहे?" आणि "ही ओळ आधी कशी होती?"

सर म्हणतील, यात कॉपी वाढेल. मला उलट वाटतं. आज शेवटची प्रिंटआऊट बघून कोणी लिहिलं, कोणी उतरवलं, काही कळत नाही. त्यात आता मागितला की कोड लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. पण महिनाभर थोडा थोडा वाढलेला, मध्ये चुकलेला, सुधारलेला इतिहास उतरवून काढणं अवघड, आणि त्यावर ओरलला बोलणं त्याहून अवघड. मित्र म्हणतील, सीनियर्सचा कोड म्हणजे कचरा, तो कोण उपसणार? अरे बाबांनो, नोकरीत पहिल्या दिवशी कोरी फाइल कोण देतं? तिथेही कुणाचा तरी 'वजा एक'च वाट बघत असणार. आणि आपल्या ज्युनियर्सना आपला कोड कचराच वाटणार आहे, हे विसरू नका.

अभ्यासक्रम बदलायला विद्यापीठ लागतं, मान्य. पण दोन ओळींचं कारण लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. मेसच्या प्रोग्रॅमचा आता गिटमध्ये इतिहास आहे. 'वजा एक' परत जागेवर आहे आणि त्याच्या वर मराठीतच टीप आहे: 'जायचा व यायचा दिवस खाडा धरू नये. रेक्टर आणि काकूंचा ठराव. मूळ नोंद काकूंच्या लाल वहीत. ही चूक समजून मी एकदा काढली होती, तेव्हा १०,०८० रुपयांचा फटका बसला. काढण्यापूर्वी काकूंना विचारा.' सीनियरला मी फोनही केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "सॉरी गं, लिहायला हवं होतं. तेव्हा वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे की!"

तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, हे खरंच आहे. ते सगळे आता पास होऊन गेले.

पुढच्या वर्षी मीही जाईन. प्रोग्रॅम कुणाच्या तरी गळ्यात पडेल. ती जी कोणी असेल तिला माझा कोड आवडणार नाही, हे मी आत्ताच धरून चालले आहे. आवडला नाही तर जरूर बदल. फक्त आधी टीप वाच, आणि बदलल्यावर तुझी लिही.